हात खाली येण्याचं कारण

सर्वो मोटर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असते. तिला तीन तारा असतात. दोन तारांमधून वीज येते आणि तिसरीतून हुकूम येतो, अमुक इतक्या अंशांवर जा. ती जाते आणि तिथंच धरून राहते. वाटेत काय आहे हे तिला कळत नाही. नुसता आकडा दिला तर अंगात असेल तेवढ्या जोरानं जाते. तिला सावकाश न्यायचं असेल, तर सॉफ्टवेअरला एकेक अंश वाढवत तिला बोटाला धरून न्यावं लागतं.

यशोधरा ओव्हाळ गेली सहा वर्षं मुलांना हे शिकवते. नांदूरघाटहून चौसाळ्याकडे जाताना डाव्या हाताला संस्थेचं विद्यालय आहे. त्याच्या मागच्या इमारतीत, जुन्या शिवणकाम वर्गाच्या खोलीत, रोबोटिक्सची प्रयोगशाळा आहे. तीन कपाटं, बारा संगणक, त्यातले सात चालू. त्याआधी ती याच शाळेत संगणक शिकवायची. दोन्ही मिळून चौदा वर्षं, आणि चौदाही वर्षं तासिकेवर. म्हणजे तास झाला तर मानधन, दिवाळीची सुट्टी लागली तर नाही. अंबाजोगाईला इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. लग्न झालं होतं, दोन वर्षांत परत आली. त्याबद्दल ती बोलत नाही. घरात ती आणि तिची आई मुक्ताबाई. मुक्ताबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते.

गेल्या वर्षी मे महिन्यात विद्यालयातले प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाले आणि अनुदानित पद रिकामं झालं. संस्थेचा ठराव, अध्यक्षांची सही, मग शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, असा त्याचा रस्ता होता. मागासवर्गीयांना वयाची अट त्रेचाळीस. यशोधराला त्रेचाळिसावं संपत आलं होतं. यानंतर शाळेत कुठलंही पद निघालं तरी ते तिचं नसणार होतं. मुख्याध्यापक सुंदरराव सरांनी तिचा प्रस्ताव तयार करून टेबलाच्या खणात ठेवला होता. त्यावर फक्त संस्थेच्या अध्यक्षांची, आप्पारावांची, सही बाकी होती.

आप्पाराव पूर्वी जिल्हा परिषदेचे सदस्य होते. जानेवारीत त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. नोव्हेंबरात सुंदरराव सर प्रयोगशाळेत आले.

"मॅडम, जेसीबीनं फुलं उधळणं आता ग्रामपंचायतीचा मेंबर बी करायला लागलाय. आपल्याला काही तरी येगळं पाहिजे. साहेबांना रोबोटनं हार घालायचा."

"घालेल सर. पण साहेबांना एका खुणेवर उभं राहावं लागेल. आणि मी सांगेन तेव्हाच पुढं यावं लागेल."

"साहेबांना कुणी सांगायचं? तुमी का मी?"

जाताना सर म्हणाले, "तुमच्या फायलीचं त्याच दिवशी करून टाकू. साहेब खुशीत असतील."

यशोधराला पाच आठवडे लागले. केजच्या बंद पडलेल्या कापड दुकानातून साड्या नेसवायचा पुतळा आणला, कमरेपासून वरचा. त्याचे प्लास्टिकचे हात काढून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या. खांद्यांत दोन मोठ्या सर्वो बसवल्या, पुण्याहून मागवलेल्या. पोटात प्रोग्रॅम चालवणारा बोर्ड बसवला. प्रोग्रॅम एकशे बारा ओळींचा होता. बटण दाबलं की हात खालून वर जाणार, समोरच्या माणसानं मान वाकवली की हार सुटणार, हात हळूहळू खाली येणार, आणि हात कसेही खाली आले तरी काही क्षणांनी रेकॉर्ड केलेला आवाज म्हणणार, 'आपले हार्दिक स्वागत.'

प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच एक ओळ होती: चालू होताच हात खाली. नवशिके ही ओळ विसरतात. मग वीज देताच मोटर नव्वद अंशांवर उडी मारते, कारण दुसरं काही सांगितलं नसेल तर बोर्डाकडून पहिला हुकूम मधल्या जागेचाच जातो. यशोधरा ही ओळ विसरली नव्हती. वीज नसताना पुतळ्याचे हात आपल्या वजनानं खालीच लोंबायचे, त्यामुळे चालू करताना ते जागचे हलायचे नाहीत. एकाच प्रसंगी ही ओळ घातक होती: हात वर असताना वीज क्षणभर कमी झाली तर. तेवढ्यानं बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आधी हात कुठं होते हे त्याला आठवत नाही. तो पहिल्यापासून सुरू करतो आणि पहिला हुकूम सोडतो. हात खाली. सावकाश नाही, एका झटक्यात.

यशोधराला हे माहीत होतं. म्हणून तिनं रोबोट बॅटरीवर ठेवला होता. बोर्डाला एक आणि मोटरांना एक अशा दोन बॅटऱ्या मागितल्या होत्या, एक आली. बटण दाबल्याशिवाय मोटरांना कुठलाच हुकूम द्यायचा नाही, अशा चार ओळी प्रोग्रॅममध्ये घातल्या असत्या तरी भागलं असतं; हात नुसते आपल्या वजनानं सावकाश उतरले असते. दहा मिनिटांचं काम होतं. बॅटरी आहे म्हणून तिनं ते केलं नाही. ही चूक ती स्वतःची मानते.

कार्यक्रम सकाळी दहाचा होता. साहेब सव्वादोनला आले. मधल्या चार तासांत रोबोटनं इतरांना हार घातले. आधी शिक्षकांनी व्हिडिओ काढले, मग सोसायटीचे चेअरमन, मग त्यांच्याबरोबर आलेले पाहुणे. यशोधरा पुतळ्याच्या बाजूला उभी राहून नको म्हणत होती.

"बॅटरी उतरेल सर."

"घाला हो एक-दोन. पाव्हणे हायेत. रागावतेत," सुंदरराव सर म्हणाले.

दोन वाजता बॅटरीचा दिवा लाल झाला. चार्जिंगला किमान तासभर हवा होता. साहेबांची गाडी फाट्यावर आल्याचा फोन आला. प्रयोगशाळेतला अडॅप्टर होता, पण गावची लाईन बारा वाजल्यापासून गेलेली. मांडवात वीज होती ती फक्त पप्पूच्या जनरेटरची.

पप्पू डोळस यशोधराच्याच वस्तीतला. चाळिशी ओलांडलेला, डोळस साऊंडचा मालक. परिसरातली लग्नं, वाढदिवस आणि चौदा एप्रिलची मिरवणूक त्याच्याच स्पीकरवर होते. यशोधरा त्याला दादा म्हणते.

"दादा, याच्यावर तुझा सगळा लोड आहे. यावर नाही चालणार हे," ती म्हणाली.

सुंदरराव सर मागंच उभे होते. "पप्पू, जोड बे. साहेब आले."

पप्पूनं तिच्याकडं बघितलं. "यशे, हार पडस्तोवर मी आवाज चढवीतच न्हाई. मग तर झालं?"

त्यानं वायर जोडली. मिक्सरवर आवाज कमी-जास्त करायच्या सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या. रोबोटचा दिवा हिरवा झाला.

साहेब आले. खुणेवर उभे राहिले. केशरी फेटा, सोनेरी काडीचा चष्मा. हात वर जाऊ लागले. साहेबांनी हसत मान वाकवली. मांडवात मोबाईल उंचावले गेले आणि त्याच वेळी साहेबांचा पुतण्या हनुमान साऊंडच्या टेबलाशी आला. आप्पाला हार पडतोय आणि मांडव मुका, हे त्याला चाललं नाही.

"झोपलास का बे? लाव की!"

"दोन मिन्टं मालक, हार पडू द्या..."

हनुमाननं पप्पूला कोपरानं बाजूला सारलं आणि सगळ्या पट्ट्या एकदम वर ढकलल्या. जनरेटर गुदमरला. मांडवातले दिवे क्षणभर मंदावले. रोबोटचा हिरवा दिवा विझला आणि पुन्हा लागला.

हात खाली आले. अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात. उजव्या पट्टीचं टोक फेट्यावर बसलं, फेटा सुटून खांद्यावर आला, चष्मा उडाला, भुवईवर दोन टाक्यांची जखम झाली. साहेब हार गळ्यात अडकलेल्या अवस्थेत एका गुडघ्यावर टेकले. मग स्पीकरचा आवाज कुणी तरी बंद केला आणि त्या शांततेत रोबोट म्हणाला, "आपले हार्दिक स्वागत."

साहेब स्वतः फारसे चिडले नाहीत. "काय न्हाई, काय न्हाई," असं म्हणत उठले, भुवईवर रुमाल धरून वीस मिनिटं बोलले. पण चौदा सेकंदांचा व्हिडिओ तोवर गावाबाहेर गेला होता. विरोधी गटानं त्यावर लिहिलं, 'साहेबांना मशीननंही ओळखलं.' त्यावर साहेबांच्या गटातल्या पोरांनी उत्तर दिलं, 'रोबोट कोणी बनवला त्याचं आडनाव बघा.' दुसऱ्या व्हिडिओत यशोधराचा फोटो होता, शाळेच्या स्नेहसंमेलनातला.

गावात एक गोष्ट पक्की झाली. लॅपटॉपमध्ये आधीच काही तरी 'भरलेलं' होतं. मशीन आपल्या मनानं मारत नसते. मशीनच्या आत जे लिहिलंय ते कुणी तरी लिहिलेलं असतं. ही शेवटची दोन वाक्यं यशोधराही वर्गात सांगायची.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या कार्यालयात चौकशी झाली. समितीवर तिघं. सुंदरराव सर, संस्थेचा संचालक म्हणून हनुमान, आणि निवृत्त शिक्षक बद्रीनाथ गुरुजी.

"साफ्टवेअरमंदी काय व्हतं ते सांगा," हनुमान म्हणाला.

"सांगण्यापेक्षा दाखवते."

ती पुतळा घेऊनच आली होती. समोर स्टुलावर दप्तर ठेवलं. बॅटरीवर हात वर नेला, सावकाश खाली आणला. मग हात वर असताना वीज क्षणभर तोडली. पट्टी दप्तरावर आदळली. पुन्हा केलं, पुन्हा आदळली. तिनं ते दहा वेळा केलं. दहाही वेळा तसंच झालं. प्रयोग शंभर टक्के खरा ठरला. एखाद्या विज्ञान प्रदर्शनात तिला बक्षीस मिळालं असतं.

गुरुजी पुढं वाकून बघत होते. ते मनानं वाईट नव्हते. त्यांनीच पहिला प्रश्न विचारला.

"म्हणजे बाई, लाईट कमी झाली की हे असं मारतंय, हे तुमाला आधीच म्हाईत व्हतं."

"हो."

"मग बोलल्या कावून न्हाईत?"

"बोलले होते गुरुजी."

"कुणाला?"

यशोधरानं सुंदरराव सरांकडं पाहिलं. ते चौकशीच्या कागदावर तारीख टाकत होते. तारीख टाकायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ टाकत होते. हनुमान मोबाईल बघत होता. त्यानं पट्ट्या वर ढकलल्या हे खोलीतल्या चौघांपैकी तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. गुरुजी त्या दिवशी आले नव्हते.

"मॅडमना जरा टेन्शन आलंय," सर म्हणाले. "लेखी खुलासा देतील त्या."

बाकीचे दोघं गेल्यावर सरांनी खण उघडून तिचा प्रस्ताव टेबलावर ठेवला. सही झालेली नव्हती.

"साहेबांच्या मनात तुमच्याबद्दल काही न्हाई. पण पोरं ऐकत न्हाईत. त्यांना एक नाव पाहिजे. तुमचं घेतील न्हाई तर दुसऱ्याचं. तुमचं नाव या प्रकरणात आलं तर साहेबांना यावर सही करता येईल का? तुमीच सांगा."

"काय लिहू?"

"वायर कुणी जोडली?"

"सर, तुम्ही सांगितल्यावर पप्पूदादानं..."

"मी काय सांगितलं हे विचारलं का मी? जोडली कुणी, एवढंच लिहा. खोटं लिहा म्हणत न्हाई मी तुमाला. चौदा वर्षांत कधी म्हणलो का?"

चौदा वर्षांत ते खरोखर कधी म्हणाले नव्हते.

यशोधरानं खुलासा प्रयोगशाळेतल्या संगणकावर टाईप केला. पहिल्या प्रतीत दीड पान होतं. त्यात उतरलेली बॅटरी, नकार, सरांचा आदेश, हनुमान, सगळं क्रमानं होतं. ती प्रत तिनं छापली नाही. छापलेल्या प्रतीत सात ओळी होत्या. त्यातली पाचवी अशी: 'सदर रोबोटचा अडॅप्टर श्री. पप्पू डोळस यांनी ध्वनिक्षेपकाच्या जनरेटरला जोडला व ध्वनिक्षेपकाचा भार अचानक वाढल्याने प्रसंग घडला.' या वाक्यात एकही शब्द खोटा नाही.

घरी मुक्ताबाई तांदूळ निवडत होती.

"काय लिवलंस?"

"जे झालं ते."

"समदं?"

यशोधरा हातपाय धुवायला मागं गेली.

खुलाशाचा फोटो त्याच संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप गटावर फिरला. कार्यालयातून तो कुणी काढला हे कळलं नाही. पाचव्या ओळीखाली लाल रेघ मारलेली होती.

तीन दिवसांनी, दुपारी साडेतीन वाजता, पप्पू तेलगावकडचं एक लग्न उरकून परत येत होता. चौसाळ्याच्या अलीकडं तीन मोटारसायकली टेम्पोला आडव्या झाल्या. सात जण होते, चेहरे उघडे. त्यांनी आधी सामान फोडलं. दोन मिक्सर, चार ॲम्प्लिफायर, आठ स्पीकर. मग पप्पूला टेम्पोच्या फाळक्यावर पालथं टाकून एकानं त्याचा उजवा हात लांब धरला आणि दुसऱ्यानं गजानं मारला. मनगट आणि तीन बोटं. मारताना एकजण मोठ्यानं म्हणत होता, "आपले हार्दिक स्वागत." रस्त्यानं त्या वेळी दोन एसट्या गेल्या.

पप्पू बारा दिवस बीडला दवाखान्यात होता. यशोधरा एकदा भेटायला गेली. तो जागा होता.

"दादा, मी तुझं नाव लिहिलं."

"म्हाईत हाय. वाचलं मी." त्याचा हात छातीवर बांधलेला होता. "जोडली तर मीच व्हती की."

"सरांनी सांगितलं ते मी लिहिलं नाही."

पप्पूनं डोळे मिटले. "यशे, आता जा तू. पंची येईल डबा घेऊन. तिला तू इथं दिसू नकोस."

पोलिसांनी गुन्हा अज्ञात इसमांवर नोंदवला. पप्पूनं जबाबात हनुमानसह चौघांची नावं सांगितली. हनुमान त्या दिवशी संस्थेच्या बैठकीत हजर असल्याचं इतिवृत्त निघालं. त्याच बैठकीत प्रयोगशाळा सहायक पदाचा ठरावही मंजूर झाला होता. इतिवृत्तात तो विषय क्रमांक चार आहे.

शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता मार्चमध्ये आली. 'दोन वर्षांच्या परिविक्षा कालावधीसाठी,' असं त्यात लिहिलं होतं. या काळात संस्था कारण न देता काढू शकते. मुक्ताबाईनं आदेश हातात घेतला, तिला वाचता येत नाही, तो उलटा आहे का सुलटा हे शिक्क्यावरून बघितलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवला. गोडधोड काही केलं नाही. वस्तीत कुणी विचारलंही नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला स्पीकर बीडहून भाड्यानं आणले. यशोधरा दरवर्षी मिरवणुकीपुढच्या मुलींच्या लेझीमला असायची. या वर्षी मुलींच्या आयांनी दुसऱ्या बाईला सांगितलं.

तिनं प्रोग्रॅममध्ये त्या चार ओळी घातल्या आहेत. आता वीज कितीही वेळा गेली आणि आली तरी माणसानं बटण दाबल्याशिवाय मोटरला हुकूम जात नाही. पुतळा मात्र कपाटाला कुलूप लावून ठेवला आहे. तो बाहेर काढायचा नाही असं सरांचं तोंडी सांगणं आहे.

जूनमध्ये शाळा भरल्यावर दुसऱ्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, पप्पूची बायको पंचशीला प्रयोगशाळेच्या दारात आली. हातात प्लास्टिकची पिशवी होती.

"जय भीम."

"जय भीम. ये वहिनी, बस."

पंचशीला बसली नाही. तिनं पिशवीतून कागद काढला. "मारहाणीच्या केशीत लावायला वकिलानं टाईप करून दिलाय, साक्षीचा. यांनी आवाज बंद ठेवला व्हता, हणमंत्यानं ढकलून चढवला, एवढंच हाय. त्या दिवशी मांडवात चारशे माणूस व्हतं. चार महिने झाले दारोदार हिंडायले मी. समदे म्हणतेत आमी साहेबाकडं बघत व्हतो." ती थांबली. "तू मशीनपशी व्हतीस. तुला दिसलं असंल."

"दिसलं."

"मग?"

"वहिनी, माझी दोन वर्षं परिविक्षा आहे. तोवर ते कधीही काढू शकतात. आणि आता वयही गेलं, दुसरीकडं कुठं लागणार नाही. दोन वर्षं झाली की मी लिहून देते. कोर्टात येऊन सांगते."

"दोन वर्षांनी."

"हो."

"त्यांच्या बोटात सळया हायेत." पंचशीलाचा आवाज चढला नाही. "डॉक्टर म्हणला, सा महिन्यात जेवढी हालतील तेवढीच, पुढं न्हाई. आता नाक्यावर बसतेत दुसऱ्याच्या पानटपरीवर. सुट्टे पैसे उचलता येत न्हाईत, तर गिऱ्हाईकच म्हणतंय, राहू दे, मी घेतो. त्यांना काय सांगू, दोन वर्षं थांबा?"

सुट्टी संपल्याची घंटा झाली. आठवीची मुलं दाराशी येऊन थांबली, कारण दारात पंचशीला उभी होती.

"तू त्यांचं नाव लिवलंस तवा किती दिवस थांबली व्हतीस?" पंचशीलानं विचारलं. "चार का पाच?"

तिनं कागद टेबलावर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर जवळ पडलेली एक मोटर ठेवली आणि मुलांमधून वाट काढत निघून गेली. कागदावर सहीच्या जागी वकिलानं पेन्सिलीनं फुली केली होती. यशोधरानं मुलांना आत घेतलं, कागदाची घडी केली आणि टेबलाच्या खणात टाकला.

पप्पूनं वकिलामार्फत हनुमानवर घातलेल्या मारहाणीच्या खटल्याची पहिली तारीख सप्टेंबरमध्ये पडली. साक्षीदारांच्या यादीत एकच नाव आहे, पप्पूचं.